बोळवण केलेला आड

मी आड बोलतोय. विहीर नव्हे, आड. अंगणातला, अरुंद तोंडाचा, खोल पोटाचा. पण मी अजून आड आहे की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. अलीकडे माझा सगळाच घोळ झाला आहे. तुम्ही माझं ऐका आणि जमलं तर तुम्हीच मला सांगा.

माझं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीच्या बाजूला. नदीपलीकडे महाराष्ट्र. माझा जन्म निजामाच्या राजवटीतला. या घरच्या बयनाबाईच्या सासऱ्यांनी फकिरा नावाच्या माणसाकडून मला खोदून घेतलं. वरची काळी माती संपल्यावर भेगाळ खडक लागला. त्यातल्या एका भेगेतून पाणी आलं तेव्हा फकिरा आधी स्वतः ओंजळभर प्याला आणि मग त्यानं वर हाक मारली. पाणी गोड होतं. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

पुढे म्हणे निजाम गेला. मग हैदराबाद राज्य गेलं, आंध्र आलं. आंध्र गेलं, तेलंगण आलं. मी आपला जागच्या जागी. माझ्या काठावर बसून पोरं आधी मराठीत पाढे म्हणायची, पुढे तेलुगूत म्हणू लागली. पाणी शेंदणाऱ्या बायका मात्र त्याच बोलीत एकमेकींची उणीदुणी काढत राहिल्या. त्यामुळे वर फारसं काही बदललं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

माझ्यानंतर काही वर्षांनी खालच्या अंगाला, शेजारच्या घरी विहीर खणली गेली. तिथे सुरुंग उडाला आणि इथे माझं पाणी गढूळ झालं. म्हणजे आमचा झरा एकच. ही गोष्ट काही माझ्या एकट्याच्या पोटात नव्हती, सगळ्यांना ठाऊक होती. बयनाबाई या घरात सून होऊन आली त्याच वर्षी जयवंताबाई शेजारच्या घरात आली. दोघी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या की आमी एकाच झऱ्याचं पाणी पेतो. पुढे हे सगळे विसरले कसे, तेच मला कळत नाही.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं पाणी पुजते. हळदकुंकू, खण, नारळ, आणि पाण्यात आसरा देवी राहतात त्यांना हात जोडून लेकराचं आयुष्य मागायचं. बयनाबाईनं आपल्या मुलाला, चंपतरावाला, पदराखाली घेऊन मलाच पुजलं होतं. मी जातीचा आड, पण ती मला माय म्हणायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट फार बरं वाटायचं.

मग बोअरवेल आल्या. उन्हाळ्यात माझा तळ दिसू लागला आणि माझ्याकडे येणं कमी झालं. माझ्यात बेडूक राहू लागले, एकदा कुणाची तरी चप्पल पडली ती कुणी काढली नाही. अशात घरोघरी संडास बांधायचा हुकूम निघाला. गावात जीप फिरू लागली, भिंती रंगवल्या गेल्या. चंपतरावानं अंगणाच्या कोपऱ्यात संडास बांधला, आत निळ्या फरशा बसवल्या. खड्डा खणायला गेला तर हातभर खोलीवरच खडक लागला. पहारीचं टोक वाकलं. तो घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसला, आत डोकावला आणि म्हणाला, "हा तं आयताच खड्डा हाय."

बयनाबाई दोन दिवस जेवली नाही. माझ्यात देवी असताना त्यात घाण सोडायची, हे तिला सोसवेना. शेवटी तिनंच तोड काढली. तिनं माझ्यातून एक कळशी पाणी शेंदलं, तिला कुंकू लावलं, खण गुंडाळला आणि पाच सवाष्णी घेऊन जयवंताबाईच्या विहिरीवर गेली. तिथे कळशी ओतली. लेकीची पाठवणी करावी तशी डोळे पुसत म्हणाली, "माय, आता इथं राय. माह्या घरी तुह्या जोगी जागा नाही राह्यली."

जयवंताबाईनं देवी मोठ्या मानानं ठेवून घेतली. विहिरीच्या काठाला शेंदूर लागला, दिवा लागला. त्या दिवसापासून बयनाबाई देवपूजेचं, पिण्याचं पाणी तिथूनच आणू लागली. इकडे माझ्या तोंडावर फरशी बसली आणि बाजूनं एक पाईप आत आला.

सगळ्यांच्या लेखी मी रिकामा झालो होतो. पण कळशीभर पाणी नेलं म्हणून झरा कुठे जातो? माझ्या तळाशी पाणी होतंच. ते वरून येत होतं आणि खालच्या भेगेतून पुढे जात होतं, जसं नेहमी जायचं तसंच. आता त्याच्याबरोबर काय जात होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. मला आधी वाटलं, यांनी काही विचार केला असेल. माणसं शिकलेली आहेत, जीपमधून फिरतात. बयनाबाईनं देवी नेली तर बहुतेक पाणीही नेलं असेल आणि मलाच भास होत असेल, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

जयवंताबाईच्या विहिरीचं पाणी पुढच्या पावसाळ्यानंतर वेगळं लागू लागलं. हंड्याला तवंग दिसायचा. लोक म्हणाले, कपाशीवरच्या फवारणीनं झालं. कोणी म्हणालं, पारवे घाण करतात, विहिरीवर जाळी टाका. देवीला दोष द्यायची कोणाची छाती नव्हती. चंपतराव पाण्याची तक्रार घेऊन गेला, तेव्हा नेमकी जिल्ह्याची वाटणी झाली होती. एका जिल्ह्याचे चार झाले आणि आमचं गाव जुन्या मंडलातून, म्हणजे तालुक्यातून, नव्यात गेलं. जुन्या कचेरीत सांगितलं, तुमचं गाव आता आमच्याकडे नाही. नव्या कचेरीत एक भला माणूस उभ्या उभ्या बोलला, आमच्या खुर्च्याच अजून आल्या नाहीत. चंपतराव परत आला आणि माझ्यावरच्या फरशीवर बसून आईला म्हणाला की आपण कोणाचे आहोत हे कोणालाच माहीत नाही. मला त्या दिवशी त्याचा जरा आधार वाटला. मलाही तेच वाटत होतं.

अशात चंपतरावाची बायको चारुलता बाळंत झाली. तिचं माहेर आदिलाबादेत, घरातली माणसं नोकरदार. मुलगी झाली. सव्वा महिना होताच ती लेक घेऊन सासरी आली आणि बयनाबाईनं पाणी पुजायचा बेत केला. शहरातून पाहुणे येणार, त्यांना संडास लागणार. चंपतरावानं तो आधी दोन दिवस घासून घासून धुतला. फिनाईलचा मोठा कॅन आणला होता, तो जवळजवळ सगळा पाईपातून माझ्या अंगावर आला. माझा जीव नुसता गुदमरला. आणि माझ्याजवळ आलेलं काही माझ्याजवळ राहत नाही, हे तुम्हाला आता कळलंच आहे.

पूजेच्या सकाळी जयवंताबाईनं बादली वर ओढली तर पाण्याला उग्र वास. बायका थबकल्या. मग जयवंताबाईच म्हणाली की ही तर दवा आहे, नव्या मंडलवाल्यांनी विहिरीत दवा टाकलेली दिसते. बघता बघता सगळ्यांचे चेहरे उजळले. चंपतरावाची तर छाती फुगली, त्याच्या खेट्यांना यश आलं होतं. एवढे दिवस कचरत होते तेसुद्धा त्या दिवशी लोटा भरून पाणी प्याले. दवा पडली म्हणजे पाणी साफ झालं, असा सगळ्यांचा हिशेब. मी फरशीखाली हे सगळं ऐकत होतो आणि ओरडायला मला तोंडच उरलं नव्हतं.

चारुलतानं पाणी पुजलं. बयनाबाईनं बोटावर थेंब घेऊन बाळाच्या जिभेला लावला. तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या दिवसापासून बयनाबाई बाळघुटी त्याच पाण्यात उगाळू लागली. चारुलतानं उकळलेल्या पाण्याचं सुचवून पाहिलं. बयनाबाई तिला समजावत म्हणाली की देवीचं पाणी चुलीवर ठेवत नाहीत, त्यातला गुण जातो. सून नवी, घर सासूचं, तिनं बाळाला सासूच्या मांडीवर दिलं.

आठवड्याच्या आत बाळाला जुलाब सुरू झाले. नजर उतरवली, चारुलताचं खाणं बदललं, तिच्या दुधाला नाव ठेवलं. मूल रडायचं थांबलं तेव्हा चंपतराव घाबरला. तामसीहून गाडी मिळाली आणि ते आदिलाबादच्या दवाखान्यात गेले. घर ओस पडलं. पाईप कोरडा होता. मला कोणी काही सांगत नव्हतं, आणि बाळ आहे की गेलं हे मला कळायला मार्ग नव्हता. असे दिवस मी कधी काढले नव्हते.

बाळ परत आलं. आवाज बारीक झाला होता, पण आवाज होता. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं होतं. बयनाबाईनं ठणकावून सांगितलं होतं की पाण्यात तर सरकारनं दवा टाकली आहे.

घरी आल्यावर चारुलतानं संडास धुवायला घेतला. कॅनच्या तळाशी उरलेलं फिनाईल तिनं ओतलं आणि पूजेच्या दिवशी बादलीला आला होता तोच वास तिला आला.  ती उठली, पाईप कुठे जातो ते पाहत माझ्यापर्यंत आली, फरशीला कान लावला. माझ्यात पाणी झिरपल्याचा आवाज तिला आला असावा. तिनं सासूला हाक मारली.

"आत्याबाई, त्या दिवशी विहिरीत दवा नव्हती. आपला संडास होता."

बयनाबाईला आधी कळेचना. देवी तर मी तिकडे नेली, इथे आता काय आहे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.  चारुलतानं सासूचा हात धरून तिला खाली बसवलं आणि ऐकायला लावलं. किती तरी वर्षांनी बयनाबाईचा कान माझ्याजवळ आला. मी जेवढा शांत राहता येईल तेवढा राहिलो, पण झरा काही माझं ऐकत नाही. बयनाबाईनं पदर तोंडात धरला.

ती तशीच उठली आणि शेजारी गेली. जयवंताबाई काठावरच होती. शेंदराला हात लावून बयनाबाई म्हणाली, "जयवंता, मी तुह्या इहिरीत देवी नाही आणली व. माह्या घरची घाण आणली."

जयवंताबाई भांडेल, असं मला वाटलं होतं. गावही जमलं असतं. तिनं रहाटावरचा दोर सोडला, त्याची गुंडाळी केली आणि मांडीवर घेऊन बसली. 

"माह्या नातवाचं पोट दिवाळीपासून दुखून राह्यलं," ती म्हणाली. "तो पाणी नोको म्हने. मी रोज त्याच्या मागं लागू, देवीचं हाय, पी."

बयनाबाई तिच्याशेजारी काठावर बसली. 

आता माझी अवस्था अशी आहे. जयवंताबाईची विहीर बंद आहे. तिचा नातू दवाखान्यात दाखवून आणला आहे. बयनाबाई आणि चारुलता पहाटे टमरेल घेऊन शेताकडे जातात. आमच्या भिंतीवर गाव स्वच्छ झाल्याचं रंगवलेलं आहे, त्या भिंतीसमोरूनच जातात आणि लाजेनं मान खाली घालतात. चंपतराव मात्र अजून संडासातच जातो. कापूस वेचून झाला की नवीन खड्डा खणतो आणि हा उपसून बुजवतो, असं त्यानं कबूल केलं आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला वाटतं मी फरशीखाली थांबून राहीन.

चंपतराव, मी थांबत नाही रे. मला थांबता येत नाही. तुझी आई मला माय म्हणायची आणि आता माझ्याकडे बघत नाही, त्याचं मी काही मनावर घेत नाही. मी आड की खड्डा, हेही आता विचारणार नाही. तू फक्त एक कर. कापूस चार दिवस झाडावर राहू दे आणि आधी मला बुजव. खालच्या आळीत अजून एक हातपंप आहे. तिथे आज सकाळीच कोणीतरी म्हणालं की पाण्याला दवेचा वास येतो, आणि लोकांनी रांग लावली आहे.