एक किलो चारशे

व्यायामशाळा बंद पडून दोन वर्षं झाली होती, पण रविवारी सकाळी तिच्या जिन्यावर चप्पल काढायला जागा मिळत नसे. वरच्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं दाटीवाटीने बसलेली. भिंतीवरचे मोठाले आरसे पांढऱ्या चादरींनी झाकलेले. आणि मधोमध, सगळ्यांना नीट दिसेल असा, एक वजनकाटा. त्या रविवारी काट्यावर बस चालवणारी एक बाई उभी होती. लाल आकडे उमटले : ब्याण्णव किलो सहाशे ग्रॅम.

काट्याशेजारच्या माणसाला ना दाढी होती ना जटा. कडक इस्त्रीचा शर्ट, अनवाणी पाय आणि लोण्यासारखा मऊ आवाज. तोंडावर लोक त्याला सर म्हणत, पाठीमागे फुंकरबुवा. त्याने बाईला खाली उतरवलं आणि एक काळा गुळगुळीत दगड दोन्ही हातांनी अलगद काट्यावर ठेवला.

"चरबी म्हणजे काय, बाळ? न रडलेलं रडू. तू दुःख गिळत गेलीस, ते अंगावर साठत गेलं. आता ते ह्या दगडाला देऊन टाक."

मग त्याने तिच्या डोक्यापासून पायापर्यंत एक लांबलचक फुंकर घातली. त्याच्या बहिणीने काटा पुसून आकड्यांवर रुमाल टाकला. दगड उचलला गेला, बाई पुन्हा काट्यावर चढली, रुमाल निघाला. एक्याण्णव दोनशे. हॉलभर 'अरे बापरे' अशी लाट उठली. बस चालवणारी बाई ओक्साबोक्शी रडली, आणि तिचं रडू म्हणजेच चरबी वितळल्याची खूण, असं फुंकरबुवाने लगेच सांगून टाकलं. म्हणजे ह्या माणसाकडे रडलं तरी पुरावा, न रडलं तरी पुरावा.

तिसऱ्या ओळीत बसलेल्या निरीक्षकबाई हे सगळं टक लावून बघत होत्या. बाई वजनमापे खात्यात बावीस वर्षं होत्या. भाजीवाल्याच्या तागडीपासून गोदामातल्या ट्रकच्या काट्यापर्यंत सगळं तपासायचं, खरं असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटं असेल ते जप्त करायचं, हे त्यांचं काम. कोण कसा काटा मारतो हे त्यांना दुकानात पाऊल टाकताच कळतं, अशी बाजारात त्यांची ख्याती होती.

पण त्याच बाजारात महिन्यापूर्वी एक व्यापारी हळूच म्हणाला होता, "मॅडम, वजनं कशाला वाहून आणता? तुम्हीच उभ्या राहा की." हमाल हसले. बाईही हसल्या. मग गाडीत बसून, काचा वर करून, त्यांनी बिस्किटांचे दोन पुडे संपवले. भूक नव्हती. पुडा संपेपर्यंत डोकं शांत राहायचं, एवढंच. पुडा संपला की स्वतःची अशी किळस यायची की तिच्यावर उतारा म्हणून पुन्हा काहीतरी खावं लागायचं. हे गेली कित्येक वर्षं चाललं होतं आणि जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

म्हणून बाई त्या जिन्याच्या पायऱ्या चढल्या होत्या. बस चालवणाऱ्या बाईनंतर एका बेकरीवाल्याचं वजन झालं, मग एका निवृत्त कारकुनाचं. बेकरीवाला हत्तीएवढा, कारकून काडीएवढा. तरी दोघंही उतरले तेवढेच : एक किलो चारशे. तिघांचं दुःख ग्रॅमाला ग्रॅम सारखं कसं, हा प्रश्न बाईंच्या मनात आला. आला आणि त्यांनी तो दाबला. आपली पाळी आली तेव्हा त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि काट्याने त्यांनाही एक किलो चारशेची भेट दिली. घरी जाताना त्यांना खरोखर हलकं वाटत होतं. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की असंच होतं.

पुढच्या रविवारी त्या भाचीलाही घेऊन गेल्या. भाची म्हणजे भावाची मुलगी. वीस वर्षांची, एका छापखान्यात मुद्रितं तपासायला नवी नवी लागलेली आणि आत्याकडेच राहणारी. ती जाड नव्हती. पण रोज सकाळी आत्या आरशापुढे उभी राहून स्वतःला जे शब्द वापरायची, ते ऐकत ऐकत तिलाही आपल्या दंडांची लाज वाटायला लागली होती. शिवाय, आत्याचा विश्वास बसला म्हणजे काटा खराच असणार, असा तिचा साधा हिशोब होता.

फुंकरबुवानेही तोच हिशोब केला. बाईंचा हुद्दा कळल्यावर त्याने त्यांना भर हॉलमध्ये उभं केलं. म्हणाला, "हा काटा खोटा असता, तर ह्या ताई इथे बसल्या असत्या का?" दीडशे माना वळल्या. बाईंनी हात जोडले आणि त्या खाली बसल्या. तोंडातून एक शब्द काढला नाही, पण शिक्का मारायचा तो मारून झाला होता.

आता ह्या चमत्काराची खरी मेख पुढेच होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या कार्डावर दगडानंतरचा कमी आकडा लिहिला जाई. मग त्याचा हुकूम : आठवडाभर नुसतं गरम पाणी आणि दिवसाला एक फळ. पुढच्या रविवारी माणूस आधी नेहमीसारखा काट्यावर चढे, तेव्हा ते एक किलो चारशे, निदान त्यातले बरेचसे, आपसूक परत आलेले असत. मग फुंकरबुवा मान हलवून विचारी, "काय खाल्लंस, बाळ? सगळ्यांसमोर सांगून टाक." आणि माणसं सांगत. कुणी शेंगदाण्याचे चार दाणे कबूल करी, कुणी मुलाच्या ताटातला उरलेला घास. बेकरीवाल्याने एकदा भट्टीच्या वासाचीही कबुली दिली.

निरीक्षकबाई तर दर आठवड्याला काहीतरी खातच होत्या. पाच दिवस कडकडीत उपास, सहाव्या दिवशी कार्यालयातल्या मोरीशी उभं राहून अख्खा पाव, जामसकट. त्यामुळे फुंकरबुवाचा आरोप त्यांना अगदी रास्त वाटे. त्या मान खाली घालून कबुली देत आणि घरी जाऊन आणखी खात.

भाची मात्र खोटं बोलत नव्हती. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न किलोवरून तिच्या कार्डावर छप्पन्न सहाशे लिहिले होते. आठ दिवस तिने पाण्यावर आणि त्या एका फळावर काढले, तर रविवारी काटा सत्तावन्न दोनशे दाखवू लागला. ती म्हणाली, फळाखेरीज मी काहीच खाल्लं नाही. फुंकरबुवा हसला.

"शरीर खोटं बोलत नाही, बाळ. माणूस बोलतो."

हॉलमध्ये खसखस पिकली. मुलीने आत्याकडे पाहिलं. आत्याला तर ठाऊक होतं की पोरीने ताटाला हात लावलेला नाही. समोरासमोर बसून तीच बघत होती. ते परत आलेले आकडे कुठून आले, हेही तिला त्या क्षणी लख्ख कळलं. उठून एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की बावीस वर्षं काटे तपासणारी बाई एका काट्याने फसली, फसली कसली, आपणहून फसत राहिली, हे सगळ्यांना कळणार. आणि तो काटा खोटा ठरला की आपल्याला आशा म्हणून काही उरणार नाही. बाईंनी जमिनीकडे पाहिलं. कुंपणच शेत खात होतं.

त्यानंतर भाचीने ते एक फळही सोडलं. महिन्याभरात तिचे केस उशीवर राहू लागले, बोलता बोलता वाक्य हरवू लागलं. शेवटी एका दुपारी छापखान्यात मुद्रितावर गाल टेकून ती तशीच पडून राहिली. शेजारच्यांना वाटलं डुलकी लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, थकलेल्या आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की मुलीच्या रक्तातले क्षार इतके घटले होते की हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. आणखी चार दिवस गेले असते तर आपण वेगळ्या खोलीत बोलत असतो. मग त्यांनी चौकशी केली की घरात आणखी कोण हे करतंय. बाई म्हणाल्या, मी. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीतल्या बिस्किटांबद्दल, मोरीशी उभं राहून खाल्लेल्या पावाबद्दल सांगितलं. ओरडा बसेल अशा तयारीने त्या बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "उपाशी ठेवलेलं शरीर संधी मिळाली की खातंच. ती चोरी नव्हे. आणि मन दुखलं की खाणं, हा दुखण्याचा भाग आहे. त्यावर उपचार असतात. लाज हे त्यावरचं औषध नाही, बाई. उलट लाजेनेच ते वाढतं." त्यांनी मानसोपचाराच्या खोलीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, दोघींसाठी.

तिसऱ्या दिवशी भाचीच्या अंगात जरा जीव आला. सलाइनच्या थेंबांकडे बघत तिने विचारलं.

"तुला माहीत होतं का, आत्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. पोरीने विश्वासही ठेवला असता.

"हो," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

भाचीने भिंतीकडे तोंड वळवलं. ती रडली असती, रागावली असती, तर बाईंना सोसलं असतं. ती नुसती भिंतीकडे बघत राहिली.

रविवारी निरीक्षकबाई व्यायामशाळेचा जिना चढल्या तेव्हा त्यांच्या हातात कार्यालयाची जाड कापडी पिशवी होती, आणि दर चार पायऱ्यांनंतर ती खाली ठेवावी लागत होती. आपली पाळी येताच त्यांनी पिशवीतून वीस किलोचं लोखंडी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. वीस किलो, शून्य ग्रॅम.

"आता ह्याच्यावर फुंकर घाला," त्या म्हणाल्या.

लोक हसले. फुंकरबुवाही हसला, पण नुसत्या तोंडाने. लोखंडाला मन नसतं, दुःख नसतं, असं तो समजावू लागला. बाई म्हणाल्या, मग तर वजन अजिबात उतरायला नको, बघू या. बस चालवणारी बाई पुढून म्हणाली, घाला की सर, एवढ्यात काय जातं. दीडशे जणांसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्याने फुंकर घातली, पण दगड ठेवायचं टाळलं. बाईंनी लोखंड खाली उतरवलं आणि दगड स्वतः उचलून काट्यावर ठेवला. बहिणीने काटा पुसायचं टाळलं. बाईंनी काट्याच्या कोपऱ्यातलं एक बटण सगळ्यांना दाखवून दाबलं आणि वर रुमाल टाकला. मग दगड उचलून तिथे लोखंड ठेवलं आणि रुमाल ओढला.

अठरा किलो सहाशे.

बाईंनी उलगडून सांगितलं. दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करतो, म्हणजे मालातून डब्याचं वजन वजा होतं. इथे डब्याच्या जागी दगड. काटा पुसायच्या मिषाने बटण दाबलं जातं. दगड उचलला की काटा शून्याच्याही खाली जातो, ते दिसू नये म्हणून रुमाल. मग काट्यावर माणूस चढो की लोखंड, दगडाएवढं वजन कमीच दिसणार. त्यांनी लोखंड उतरवलं, बटण पुन्हा दाबून काटा शून्यावर आणला आणि नुसता दगड ठेवला. एक किलो चारशे.

"पुढच्या रविवारी जे परत यायचं ते तुमचं पाप नव्हतं," बाई म्हणाल्या. "हा दगड होता."

फुंकरबुवा म्हणाला की शंका हीच सर्वांत जड चरबी. पण ह्या वेळी कुणी मान डोलावली नाही. बेकरीवाला काट्याकडे बघत मटकन खाली बसला. निवृत्त कारकून मात्र उठला आणि त्याने बाईंनाच धारेवर धरलं : तुम्ही दोन महिने इथेच बसत होतात, तुमच्याकडे बघून आम्ही राहिलो. तेव्हा कुठे होतं हे शहाणपण?

बाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. आपल्याला सुरुवातीलाच संशय आला होता, लाजेपायी आपण गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यामुळे आपली भाची दवाखान्यात आहे, असं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी 'असू दे' असंही म्हणालं नाही. त्यांनी विनाशिक्क्याचा काटा जप्त केला, पावती लिहिली आणि फुंकरबुवाची सही घेतली.

सोमवारी त्यांनी अहवाल लिहिला. वरिष्ठांनी तो वाचून शाबासकी दिली आणि शेवटचा परिच्छेद खोडायला सांगितला. त्यात निरीक्षक स्वतः दोन महिने त्या व्यायामशाळेत जात होत्या आणि गैरप्रकार लक्षात येऊनही त्यांनी कळवला नाही, असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, खात्याची अब्रू जाईल, तुमची बढती अडेल, कशाला? बाईंनी परिच्छेद खोडला नाही. बढती अडली. भाची अजूनही मोजकंच बोलते. पण मंगळवारी मानसोपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसतात, आणि जेवायची वेळ झाली की जेवतात.

वाचकहो, अंगावरचं मांस फुंकरीने उडत नाही आणि मनातलं दुःख उपाशी राहून मरत नाही. वजनाची काळजी असेल तर डॉक्टर आहे, मन जड झालं असेल तर त्याचाही डॉक्टर आहे. दोन्हीकडे जायला लाज वाटते, खरं आहे. फुंकरबुवांचा सगळा धंदा त्या लाजेवरच तर चालतो. म्हणून कुणी तुमच्या डोळ्यांदेखत चमत्कार केला, तर हात जोडण्याआधी एकदा विचारा, हे कसं झालं. आणि उत्तर आधीच तुम्हाला ठाऊक असेल, तर कृपा करून पहिल्याच दिवशी उठून सांगा.