सातूच्या हातातला माईक

मी सातूचा माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करत आलो. आज जरा माझंही ऐका.

सातू म्हणजे फिनलंडची रॉक गायिका, आता पाटणच्या मनुबाईंची सून. सोळाव्या वर्षी तिनं बापाच्या गॅरेजमध्ये मला हातात धरलं आणि अशी किंचाळली, की शेजारणीनं धाडकन खिडकी लावून घेतली. पुढं तीच शेजारीण तिकीट काढून आली! तिकडं ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, अन् सातूही थांबत नसे. माझ्या जाळीला तिच्या दातांचा पोचा आहे. तो मी दागिना समजतो.

मग तिच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आवाज शाबूत आहे. पण भीती काही निघेना. गाणं बंद, मी पेटीत. नवरा ऋषिराज तिला घेऊन गावी आला, तसा मीही इथं कपाटावर येऊन पडलो.

गेल्या महिन्यात नणंदेचं, अंकिताचं डोहाळजेवण झालं. बायकांनी सातूला घेरलं.

"आवं वैनी, नाव घ्या की! आन् माईकवरच घ्यायचं!"

उखाणा तिनं आठवडाभर घोकला होता. मांडववाल्या जोतीरामचा माईक बाजूला सारून तिनं मला पेटीतून काढलं. जोतीरामनं माझी वायर आपल्या मशिनला जोडली.

"कोयनेच्या पाण्यानं धरण भरलं काठोकाठ..."

शेवटचा स्वर तिनं असा ओरबाडून काढला, की लिंबावरचे कावळे उडाले. जोतीरामला वाटलं, माईक शिट्टी मारतोय. त्यानं झटक्यात मशिन बंद केलं.

मी मुका. सातू पांढरीफटक. तिला वाटलं, गळाच गेला.

तेवढ्यात मनुबाई पदर खोचून उठल्या. "आरं जोत्या, बिघाड न्हाई त्यो! सून हाय माझी! वाढीव आवाज!"

त्यानं मशिन पुन्हा चालू करून आवाज वाढवला. सातूनं सासूकडं बघितलं, श्वास भरला.

"ऋषिराजचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

ती 'वाट' पार घाटापर्यंत गेली. अंकिता पोट धरून ओरडली, "आगं आये, बाळानं लाथ मारली!"

आता सातू रोज सकाळी गच्चीवर गाते. उद्या विमान आहे; फिनलंडात कार्यक्रम ठरलाय. मनुबाईंनी मला आपल्या शालीत गुंडाळून तिच्या हातात दिलं. "सामानात टाकू नगंस. मांडीवर घिऊन बस."

येतो मंडळी. लांबून गलका ऐकू आला तर दचकू नका. पाटणची सून गातेय.