कुंताबाई विस्तव मागायला येते

आज तलावावरून धुकं उतरलं ते अजून हललं नाही. पौषाची थंडी आहे, अंगणातली धानाची तणस भिजून काळी पडली आहे. मी मडका बोलून राहिलो. म्हाताऱ्या श्रावणच्या ओसरीतला, काठ फुटलेला.

मोहाडीच्या बाजारातून त्याच्या बायकोनं, रुखमिणीनं, मला बोटांनी वाजवून घेतलं, डोक्यावर आणलं. काही वर्षं पाणी भरलं. मग तडा गेला, तरी तिनं फेकलं नाही. माझ्यात राख घातली, वर गोवरीचा विस्तव ठेवला. हिवाळ्यात दोघं नवराबायको माझ्या दोन बाजूंना बसत. हात शेकत.

मागच्या साली धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत ती गेली. श्रावण भिंतीकडे तोंड करून निजू लागला. त्याच्या ताटातला भात कुत्रा खाई. लोक म्हणत, वय झालं, असंच होते. मलाही तसंच वाटलं.

पोरांना डोस पाजायला येणाऱ्या रत्नाबाई नर्स एकदा ओसरीत टेकल्या. त्यांना तसं वाटलं नाही. त्या त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे. गोळी देतो, पण नुसत्या गोळीनं भागणार नाही. मग कामं वाटली गेली. रत्नाबाई बाजाराच्या दिवशी येत. शेजारचा जागेश्वर संध्याकाळी फिरायला बोलावी. श्रावण कोणासाठीच उठेना. "मले कायले हलवता? पडू द्या ना."

जागेश्वरची बायको कुंताबाई म्हणाली, "सगळे त्याईले देऊनच राहिले. कोणी काही मागा तरी!"

एका सकाळी ती गोवरी घेऊन दारात उभी. "मामाजी, विस्तव द्या जी. काड्यापेटी सादळली."

मी थंडगार. श्रावण म्हणाला, "नाही."

"मंग उद्या येईन."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पेटवलं. फुंकताना राख डोळ्यांत गेली, खोकला आला, पण पेटवलं. तेव्हापासून ती रोज येई. विस्तव घेई, गोळी त्याच्या हातावर ठेवी.

काल रुखमिणीचं वर्षश्राद्ध झालं. आज तो उठलाच नाही.

म्हातारं माणूस गप्प झालं तर वय म्हणून पुढे जाऊ नका, बाबांनो. मडका विझला की नाही ते बाहेरून कळत नाही, आत हात घालावा लागतो.

कुंताबाई आली, तिनं माझ्यात हात घातला; राख गार होती. रागावली नाही. कमरेची काड्यापेटी काढून तिनं काडी ओढली, पहिलीच पेटली.

श्रावण हळूहळू उठून बसला. "पेटी तर कोरडी आहे तुई. मंग रोज कायले येत होती?"

"तुमी उठले का नाई, पाहाले," ती म्हणाली. "उद्या पेटी घरी ठेवून येईन, मामाजी."