स्तनपान सप्ताहाचे प्रमुख वक्ते

तळा तालुक्यातल्या त्या वाडीत कुठलाही कार्यक्रम रावजींच्या भाषणाशिवाय होत नसे, आणि त्यांच्या भाषणामुळे वेळेवर संपतही नसे. क्रिकेटच्या बक्षीस समारंभात ते असे काही रंगले की जिंकलेला संघ चषक न घेताच घरी जेवायला गेला. एका लग्नात तर त्यांचे 'दोन शब्द' संपेस्तोवर पाहुण्यांनी हातातल्या निम्म्या अक्षता चावून खाल्ल्या. माणूस मनाचा निर्मळ, पण आवाज असा की त्यांनी अंगणात खाकरलं तर शेजारच्या घरात भांडं पडायचं.

लावणी उरकून माणसं जरा मोकळी झाली, तशा अंगणवाडीच्या शिवानीताई त्यांच्या ओटीवर आल्या.

"काका, गुरुवारी समाजमंदिरात भाषण करायचंय. आपला सप्ताह आहे."

"करू की!" रावजी चहाचा घोट घेत म्हणाले. "हरिनामाचा ना?"

"नाही, स्तनपानाचा. घरातल्या पुरुषांनी काय मदत करावी, हे यंदा पुरुषानंच सांगावं असं ठरलंय."

रावजींनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, तोंडाला पदर लावला आणि हसू लपवायला त्या थेट परसात गेल्या. पण होकार तर देऊन झाला होता, आणि कबूल केलेलं भाषण सोडणं रावजींच्या रक्तात नव्हतं.

खरी अडचण शब्दाची होती. जन्मात त्यांनी तो शब्द तोंडावाटे काढला नव्हता. तालीम करायला ते गोठ्यात गेले. म्हशीसमोर उभे राहिले, हात उंचावला आणि म्हणाले, "मातांनो आणि भगिनींनो! आजचा हा स्त... स्त... स्तुत्य उपक्रम!"

म्हशीनं कान हलवला. रावजींनी पुन्हा जोर लावला. पुन्हा 'स्तुत्य'च.

शेण काढायला आलेल्या ठमाबाई दारातच थबकल्या. "तिला काय शिकवताय? तिची तीन बाळंतपणं झालीत."

"मग तू सांग काय बोलू ते."

"मी? आमच्या येळंला कोन इचारत होता? सुनंला इचारा."

सून म्हणजे मानसी. ती दीड महिन्याच्या आरोहीला घेऊन आतल्या खोलीत असायची. मुलगा सुजित पनवेलकडच्या कंपनीत, तो शनिवारीच यायचा. रावजी संकोचानं खोलीच्या दाराबाहेर, दाराकडे पाठ करून बसले आणि भिंतीशी बोलल्यासारखे बोलले, "सूनबाई, त्या तुमच्या... कार्यक्रमाची थोडी माहिती पायजे हुती."

"विचारा ना बाबा," आतून आवाज आला. "पण आधी तेवढा पाण्याचा तांब्या सरकवा. पाजायला बसलं की घसा सुकतो."

रावजींनी मान वळवून, डोळे मिटून तांब्या आत सरकवला. तो उंबऱ्यावर लवंडला. मग दुसरा आणला.

"पहिलं पिवळं दूध, चीक म्हणतात ते, टाकायचं नाही," मानसी सांगू लागली. "बाळाला पहिली ताकद त्यानंच मिळते. आणि सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही. मध नाही, गुटी नाही. बाबा, ती उशी द्या हो, हात अवघडलाय."

उशी गेली. पाठोपाठ दुपटं गेलं, वाळत घातलेले लंगोट आत आले, चुलीवरची पेज उतरवून झाली. रावजींना वाटलं होतं आपण व्याख्यानाची तयारी करतोय. ठमाबाई परसातून बघत होत्या, त्यांना ते घरकाम दिसत होतं.

"बरं, मुद्द्याचं सांग," रावजी खुशीत येऊन गरजले. "पुरुषानं करायचं काय?"

आत आरोही दचकली आणि रडायला लागली. मानसीनं तिला थोपटून पुन्हा छातीशी घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण तुम्ही बोललात की ती प्यायचं सोडते."

"म्हंजे?"

"पहिल्या आठवड्यात ती नीट पीत नव्हती ना? सगळे म्हणायचे हिला दूधच कमी. मोरी माशाचं कालवण खा, अळीव खा. ते खाल्लं मी. पण ओटीवर बघायला येणाऱ्यांची गर्दी, आणि तुमचं हसणं. ती तोंड लावायची, तुम्ही हसायचात, ती सोडायची. मला रडू यायचं. शिवानीताईंनी शेजारी बसून कसं धरायचं ते दाखवलं, तुम्ही दोन दिवस गावाला गेलात, आणि जमलं."

रावजी गप्प बसले. ते किती वेळ गप्प बसले हे बघायला ठमाबाई हातातला खराटा टाकून आत आल्या, कारण असं पूर्वी घडलं नव्हतं.

गुरुवारी समाजमंदिर भरलं. मागे सतरंजीवर लेकुरवाळ्या बायका, पुढे खुर्च्यांवर पुरुष मंडळी, मध्यभागी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले सरपंच परेश. बाहेर पावसाची सर चालू होती. रावजी उठले. मनाशी ठरवलं होतं, हळू बोलायचं. पण हातात माईक आला आणि सवयीनं घात केला.

"मातांनो आणि भगिनींनोऽऽ!"

मागच्या भिंतीजवळचं बाळ टाहो फोडून उठलं. त्याचं ऐकून दुसरं. मग सगळी सतरंजीच रडू लागली. शिवानीताईंनी कानावर हात ठेवले. बायका पोरांना हलवत होत्या, थोपटत होत्या, पण पाजायला कुणी घेईना, कारण समोरच्या सगळ्या खुर्च्या आता मागे वळून बघत होत्या. मानसी मान खाली घालून आरोहीला झुलवत होती. तिचे कान लाल झाले होते.

रावजींनी माईकचं बटण बंद केलं.

"पुरुष मंडळी बाहेर चला," ते बारीक आवाजात म्हणाले.

"काका, भाषण?" परेशनं विचारलं.

"भाषन बाहेर हाय. उठा."

बाहेरची पडवी अरुंद. पागोळ्या चुकवायला सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे राहिले. आतला रडण्याचा गलका हळूहळू ओसरला. बाळं प्यायला लागली होती. आता मोठ्यानं बोलायची सोयच नव्हती, म्हणून रावजींनी अख्खं भाषण कुजबुजत केलं. पावसात ऐकू येईना, म्हणून पुरुषांनी डोकी जवळ आणली.

"बाय पाजत असली का तिला पानी द्या. उशी द्या. बघायला येनाऱ्यांना वाटंला लावा. दूध कमी हाय असं तोंडावर बोलू नका, तिच्या जिवाला घोर लागतो. आनि या सगळ्याला," रावजींनी इकडंतिकडं बघितलं, "स्तनपान म्हनतात."

कुजबुजत शब्द अगदी सहज निघाला. रावजींना इतका आनंद झाला की त्यांनी तो आणखी दोनदा म्हटला.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि शिवानीताईंनी एक बाळ बाहेर दिलं. "पोट भरलंय. खांद्यावर घ्या, पाठीवरून हात फिरवा, ढेकर काढा." मग दुसरं आलं, तिसरं आलं. ज्यांना स्वतःचं मूल कसं धरायचं ठाऊक नव्हतं त्यांच्याही खांद्यावर कुणाचं ना कुणाचं मूल आलं.

"काका, ढेकर आलेला कळतो कसा?" परेशनं विचारलं, आणि लगेच त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून गरम धार खाली उतरली.

"असा," रावजी म्हणाले.

आरोही आजोबांच्या खांद्यावर झोपली. थोड्या वेळानं सगळीच झोपली. पडवीत ओळीनं उभे पुरुष, प्रत्येकाच्या खांद्यावर एक गाठोडं, हलायची चोरी. रावजींनी पायानं दार हळूच ढकललं आणि फटीतून विचारलं, "घेताय का पोरं?"

आत बायका गोल करून बसल्या होत्या. ठमाबाई मधोमध, हातात कप. कुणीतरी भजी आणली होती, मानसी हसून हसून डोळे पुसत होती.

"चहा पितोय आमी," ठमाबाई म्हणाल्या. "उभे ऱ्हावा जरा."