काळ्या लिंबाची आमटी

कावळा शिवेना, तसा भागवतचा पारा चढत गेला.

मिरजगावच्या त्या घरात त्याच्या वडलांचं, आबांचं, पित्तर होतं. स्लॅबच्या कठड्यावर पान ठेवून बराच वेळ झाला होता आणि खाली ओसरीत पाव्हणे उपाशी ताटकळले होते. कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, ही रीत.

"वहिनी, आमटीत काय घातलं?" भागवतनं खेकसून विचारलं.

"काळं लिंबू," मनकर्णा म्हणाली.

लेकीच्या, जयाच्या, बाळंतपणाला ती मस्कतला गेली होती. तिथली शेजारीण मिठाच्या पाण्यात उकळून, उन्हात काळी ठिक्कर वाळवलेली लिंबं कालवणात टाकायची. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण चव कळली. पहिल्याच घासाला मनकर्णाला आई आठवली. बरणीच्या तळाशी मुरलेली लोणच्याची फोड आई तिला गुपचूप द्यायची. गावी परतल्यावर तिनं स्वतः लिंबं वाळवली आणि आज चिंचेऐवजी तीच येसर आमटीला, भाजल्या मसाल्याच्या त्या पित्तराच्या आमटीला, लावली.

"आरबाचं खानं आबाच्या पानात?" भागवत ओरडला. "म्हातारा वर उपाशी बसलाय! इमानात काय बसली, लईच शेफारली!"

पाव्हण्यांत कुणीतरी फिसकन हसलं.

मनकर्णाच्या कानशिलांतून जाळ निघाला. मीठ कमी पडलं म्हणून याच म्हाताऱ्यानं एकदा भरलं ताट अंगणात भिरकावलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्या जिभेनं रांधत आली. तिच्या जिभेला काय रुचतं, हे या घरात कुणी विचारलं नव्हतं.

"आरबाचं न्हाई, भाऊजी. बांधावरच्या लिंबुनीचं हाय. ती कुनी लावली? तुमच्याच बापानं."

"झाड आमचं, पन अक्कल भाईरची! कडूबाई, दुसरं पान कर. चिंचेचं."

कडूबाईनं, त्याच्या बायकोनं, मान खाली घालून घाईघाईनं दुसरी आमटी रटरटवली. पान वर गेलं. भागवत हात जोडून काव काव करत उभा राहिला. ऊन माथ्यावरून कललं. चिंचेच्या पानालाही कावळा आला नाही.

"आता वो?" मनकर्णा खालून कडाडली. "ही चिंच कदी मस्कतला गेल्ती?"

शेवटी गाईला घास घालून पंगत बसली. भागवतनं हट्टानं चिंचेची आमटी घेतली. बाकीच्यांनी मनकर्णाची घेतली आणि भुरके वाजायला लागले. भागवत नुसती भाकरी चिवडत राहिला. मग मान वर न करता त्यानं वाटी पुढं सारली.

"वहिनी, जरा ती वाढा."

मनकर्णा पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "कोनती ती? नाव घ्या."

"काळ्या लिंबाची."

"आन् चारचौघांत शेफारली म्हनलात, त्याचं काय?"

भागवतनं वाटी तेवढी आणखी पुढं सारली.

तिनं पातेलं धाडकन खाली टेकवलं. पळी आत सोडली. "हातानं घ्या मग."

आणि बायांची पंगत बसायची वाट न बघता तिनं आपलं ताट वाढून घेतलं, त्याच्याच शेजारी मांडी घातली आणि जेवायला लागली.