उझ्माच्या हातचा शिक्का

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे, आणि तोही उलटा. कागदावर उमटला की तो सुलटा होतो: 'तपासले'. चिंचवडच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहणारा मी जुना रबरी शिक्का. रबर थोडं झिजलंय, पण तोरा अजून शाबूत आहे.

माझा जन्म पिंपरीत शफीभाईंच्या इवल्याशा दुकानात झाला. त्यांनी मला लाकडी मुठीवर चिकटवलं, रद्दी कागदावर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "झकास. याचा छाप बघून लोक डोळे झाकून भरवसा ठेवतील." मला केवढं बरं वाटलं.

कॉलेजात मी सोनबामामांच्या ताब्यात आलो. मामा प्रयोगशाळेतले जुने कर्मचारी. सत्र संपत आलं की जर्नलांचा ढीग लागायचा, आणि सरांना वेळ नसला की शिक्के मारायचं काम मामांवर यायचं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मी. दुपारभरात दोनशे जर्नलं उरकायची. मुलं माझ्याकडे अशी आशेने बघायची की मी फुगून जायचो. खरं सांगतो, त्यातलं एक पानही मी वाचलेलं नाही. मी कायम तोंडावरच पडतो, वाचणार कसा? आणि याची लाज वाटायला हवी, हेही मला कधी सुचलं नाही.

यंदा विजयश्री मॅडम आल्या. त्यांनी नवीनच टूम काढली. प्रत्येकाने आपला प्रकल्प अहवाल वर्गातल्या दुसऱ्याला द्यायचा आणि त्याने वाचून शेरा लिहायचा. पहिल्या खेपेला सगळ्या अहवालांवर 'छान', 'मस्त', 'अक्षर सुंदर' एवढंच आलं. मॅडम हसून म्हणाल्या, "अक्षराचं कौतुक लग्नपत्रिकेवर करा. इथे निदान एक खरा प्रश्न विचारा." मी मात्र खणात पडलो. माझ्या जागी मुलांच्या पेन्सिली आल्या, म्हणून मी खूप दिवस रुसून होतो.

आम्रपालीचा अहवाल तिच्या मैत्रिणीकडे, उझ्माकडे गेला. आम्रपाली चऱ्होलीची. तिच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं आणि वर्षभरात गिझर पांढऱ्या थराने बंद पडतात. पाणी मऊ करणारं यंत्र बसवायचं का, यावर रविवारी सभा होती. तिचे वडील साहेबराव चाकणच्या कंपनीत कामाला. त्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं, "माझी पोरगी तपासून सांगणार हाय." अहवालात पाण्याचा जडपणा आला होता लिटरमागे दोनशे ऐंशी मिलिग्रॅम, तीनशेच्या आत, म्हणजे यंत्राची गरज नाही. त्या प्रयोगाच्या जर्नलमधल्या पानावर, खणात जाण्याआधी, मीच ऐटीत बसलेलो होतो.

उझ्माने शेरा लिहिला, 'तू लिहिलंयस तसंच मी केलं, तर हेच उत्तर येईल का?' आम्रपालीला तो झोंबला. दुसऱ्या दिवशी तिने बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅनच आणून टेबलावर आदळला. "घे. कर हवं तेवढं."

शुक्रवारी उझ्मा म्हणाली, "तुझं दोनशे ऐंशी, माझं पाचशे साठ. तीनदा केलं गं."

"तुझंच चुकलं असेल. माझ्या पानावर शिक्का आहे, बघ."

"शिक्का काय प्रयोग करून बघतो का? माझे अब्बू गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त झाल्यावरही स्वतः एक चक्कर मारून बघतात."

खणात मला घाम फुटला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आम्रपाली, पन्नास मिली पाणी घेतलं असं लिहिलंयस. त्या दिवशी काय काय केलंस, ते क्रमाने सांग."

"बाटलीत पंचवीसच मिली उरलं होतं, मॅडम. मग तेवढंच शुद्ध पाणी ओतून पन्नास केलं आणि..." ती थांबली. "ते लिहायचं राहिलं. उत्तर काढतानाही धरलं नाही. खरा आकडा दुप्पट आहे." तिचे डोळे भरून आले. "रविवारी सगळ्या बिल्डिंगसमोर पप्पांची मान खाली गेली असती."

उझ्माने खुर्ची ओढली. "रविवार परवा आहे ना? चल, लिही नव्याने."

शनिवारी आम्रपालीने बारीकसारीक सगळं लिहिलं. उझ्माने नुसतं वाचून प्रयोग केला. पाचशे अठ्ठावन्न. आम्रपालीने धावत जाऊन मला खणातून काढलं आणि मॅडमपुढे धरलं. मॅडम म्हणाल्या, "मला कशाला? तपासलं उझ्माने. तीच मारेल." उझ्माने मला जपून दाबलं. छाप जरा तिरका उठला, पण इतक्या वर्षांत माझ्या अंगावरचा शब्द पहिल्यांदाच खरा झाला होता.

सोमवारी दोघी हसतच आल्या. सभेत सावित्रीबाई नावाच्या आजींनी विचारलं होतं, "पोरी, हे कशावरनं म्हणतीस?" आणि आम्रपालीने कॅनपासून थेंबापर्यंत सगळं सांगितलं होतं. यंत्र बसवायचं ठरलं. साहेबरावांनी उझ्मासाठी डबाभर बेसनाचे लाडू पाठवले होते, आणि सोनबामामा त्यातलाच एक चहाबरोबर खात होते.

मित्रांनो, मी हे सगळं सांगितलं ते एका विनंतीसाठी. मैत्रिणीच्या कागदावर नुसतं 'छान' लिहून पळू नका, आणि तिने प्रश्न विचारला तर रुसू नका. रुसून खणात पडलेल्याला काय वाटतं, ते मला विचारा. आधी वाचा, करून बघा. मग मला उचला. शाई ओली आहे आणि मी वाट बघतोय.