हळदीच्या कापडावरचा लाल पंजा

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत, शोभाकाकूंच्या तीन गाड्यांच्या गराजमध्ये त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मदत मागणाऱ्याची गरज खरी की पापाची, हे सुपात्रानंद महाराज हळदीच्या कापडावर दाखवणार होते. पापी हात टेकला की पिवळं कापड लाल होतं म्हणे. आणि झालंही. राधिका नावाच्या एकट्या आईचा पंजा कापडावर लालभडक उमटला, तसे सगळे हात जोडून मागे सरकले. ती रडत निघून गेली.

"गरिबी म्हणजे गेल्या जन्मीचं बिल," महाराज म्हणाले. "अपात्राला दिलंत तर ते तुमच्या कार्डावर चार्ज होईल. आणि वर रिफंड नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मला मात्र एका जागी बसवेना. मी मीरा, इथल्या शाळेत इतिहास शिकवते. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात भिकाऱ्यांची लायक-नालायक अशी वाटणी करून नालायकांना चाबकाने फोडत, हे मी मुलांना नुकतंच शिकवलं होतं. इथे आमची शिकलीसवरलेली मंडळी तेच करत बसली होती.

पुढचा नंबर संजयचा. लेऑफनंतर त्याची शिल्लक संपली होती. सोमवारी भाडं भरलं नाही तर बायको-लेकीला घेऊन अपार्टमेंट सोडायचं होतं. इथल्या मराठी मंडळाचा मदतनिधी होता, पण यंदा मंडळाच्या अध्यक्ष म्हणून काकूंनी ठरवलं होतं, महाराज पात्र म्हणतील त्यालाच चेक.

महाराजांच्या शिष्याने संजयला तांब्याच्या घंगाळात हात बुडवायला सांगितलं. देणगीदारांसाठी चांदीचा वाडगा होता, आणि त्यांच्या हाताखाली कापड पिवळंच राहिलं होतं.

"दोन भांडी कशाला?" मी विचारलं.

"मागणाऱ्याचा हात दात्याच्या पाण्याला लागू नये, ताई. शुद्धतेचा प्रश्न आहे," शिष्य म्हणाला.

आम्ही नागपूरचे बौद्ध. वेगळं भांडं दिसलं की आमच्या घरात आजही कान टवकारतात. माझं डोकंच फिरलं.

"मग काकू, तुम्ही या घंगाळात हात घाला. तुमचा हात तर पुण्यवान आहे."

काकूंनी हात मागे घेतला. "मीरा, इश्यू करू नकोस प्लीज. त्यात कोणाकोणाचे हात गेलेत."

गराजभर कोणी पुढे होईना. महाराजांची सगळी भिस्त या किळसेवरच होती.

मीच हात बुडवला. पाणी बुळबुळीत लागलं. कापडावर माझा पंजा लाल उमटला.

"पाहा, नास्तिक आहे ही," महाराज म्हणाले.

"असेन. संजय, तू घंगाळाऐवजी गराजच्या नळावर हात खळखळून धू आणि कापडावर टेकव."

त्याने टेकवला. त्याच्या हाताखाली कापड पिवळंच राहिलं.

"पाप नळाने धुतलं का हो, महाराज?" मी विचारलं आणि काकूंकडे वळले. "हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, काकू?"

"लाल होतो," काकू हळूच म्हणाल्या. इतकी वर्षं मशीन कपडे धुतंय, म्हणून त्या विसरल्या होत्या.

"या पाण्यात धुण्याचा सोडा आहे. तो लागला की हळद लाल होते, हात कोणाचाही असो."

महाराजांना एकाएकी फ्लाइट आठवली. काकूंनी मात्र बाही सारून घंगाळात हात घातला, कापडाला लावला आणि आपल्याच लाल पंजाकडे बघत राहिल्या.

लोकहो, समोरच्याची गरज कळायला चमत्कार कशाला हवा? त्यालाच विचारा, आणि दोन भांडी दिसली तर दोन्हींत हात घालून बघा.

"संजय, भाडं किती आहे रे?" काकूंनी विचारलं.

"सांगतो, काकू. आधी राधिकाला फोन लावा. ती रडत गेलीय."